विसावं गाणं

भाच्याच्या कॉम्प्युटरला सीडी रायटर बसला, ही बातमी आमच्या घराण्यात बारशाच्या पेढ्यांसारखी घरोघर पोचली. २००४ चा एप्रिल होता. हा मुलगा कुठल्या वर्षाला आहे हे ज्या मावश्यांना तोवर ठाऊक नव्हतं, त्या संध्याकाळी त्याच्या अभ्यासाची चौकशी करायला येऊ लागल्या. जाताना पिशवीतून मुंजीची सीडी काढून "एवढी एक कॉपी मारून ठेव हं बाळा" असं म्हणायला मात्र विसरत नसत.

मी गेलो तो कॉपीसाठी नाही. मला माझी स्वतःची सीडी हवी होती. माझ्या आवडीची गाणी, माझ्या क्रमाने, मला पाहिजे तेवढी. मे महिन्यात सहकुटुंब गुहागरला कुलदैवताला जायचं होतं. मारुतीत नवा सीडी प्लेअर बसवला होता. सात-आठ तासांच्या प्रवासात अण्णांनी शेजारी बसून माझ्या गाडी चालवण्यावर भाष्य करू नये, यावर गाण्यांशिवाय दुसरा इलाज नव्हता.

"मामा, यादी आण," भाचा म्हणाला.

यादी या शब्दाने माझ्या पोटात गोळा आला. त्याला कारण आहे.

ज्यांनी ऐन तारुण्यात 'कॅसेट भरून घेतली' आहे त्यांना हे कळेल. तेव्हा आपल्या आवडीची गाणी एकत्र ऐकायची म्हणजे कागदावर यादी करायची, कोरी कॅसेट घ्यायची आणि दुकानात जायचं. दुकानदार पहिला प्रश्न विचारायचा, "साठची का नव्वदची?" साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदची म्हणजे पंचेचाळीस. गाणी साधारण साडेतीन मिनिटांची असल्यामुळे हा हिशेब कधीच पुरा बसत नसे. बाजू संपताना शेवटचं गाणं दुसऱ्या कडव्यात मान टाकायचं. चांगला दुकानदार असा अपमृत्यू टाळायचा आणि उरलेल्या दोन मिनिटांत स्वतःच्या पसंतीची एखादी गिटारवरची धून भरून द्यायचा. घरी आल्यावर कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडायचे, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. पुढे मन बदललं की त्याच भोकांवर सेलोटेप लावायची.

पण खरी परीक्षा दुकानातच व्हायची. दुकानदार यादी वाचायचा. डॉक्टर जसा रक्ताचा रिपोर्ट वाचतो, तशी एकेका ओळीखाली पेन्सिल फिरवत वाचायचा. आपण समोर उभे, चेहऱ्यावर 'काही गंभीर नाही ना?' असा भाव. १९८३ मध्ये मी अशीच यादी दिली. गझला होत्या, भावगीतं होती, दोन नाट्यपदं होती आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात, दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'मधलं एक गाणं होतं. पेन्सिल तिथे येऊन थांबली. दुकानात दोन मुली उभ्या होत्या. दुकानदाराने चष्मा वर करून, त्या दोघींनाच नव्हे तर रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे पण भरायचंय का?"

"छे छे," मी म्हणालो. "ते मित्राचं आहे. चुकून माझ्या कागदावर आलं."

त्या गाण्याच्या जागी गिटारची धून आली. ती कॅसेट मी दहा वर्षं ऐकली. दर वेळी शेवटी ती धून लागली की आपण एका सज्जन गाण्याला ओळख दाखवली नाही, असं वाटून मन खट्टू व्हायचं.

तेव्हा या वेळी यादी कुणालाही न दाखवता करायची, असं ठरवून मी बसलो. पहिल्या रात्री १४३ गाणी झाली. दुसऱ्या दिवशी भाच्याकडे नेली.

"मामा, एवढी मावणार नाहीत."

"का? सातशे एमबीची असते ना? तुझ्या त्या एमपीथ्रीत दीडशे बसतात म्हणालास."

"एमपीथ्री सीडी केली तर बसतील. पण तुझ्या गाडीतला प्लेअर एमपीथ्री वाचत नाही. त्याला ऑडिओ सीडी लागते. तिथे वजन नाही, मिनिटं मोजायची. ८० मिनिटं. फार तर वीस-बावीस गाणी."

म्हणजे दाबून बारीक केलेली गाणी ऑडिओ सीडीत उतरताना रात्रभर भिजवलेल्या साबुदाण्यासारखी परत मूळ आकाराला फुगतात. मी विचारलं, ऐंशीच का? तर त्यामागेही गाण्याचीच कथा निघाली. सीडी मूळची ७४ मिनिटांची. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्या तिचं माप ठरवत होत्या, तेव्हा बेथोवनची नववी सिंफनी एका तबकडीत सलग मावली पाहिजे असा आग्रह सोनीच्या नोरिओ ओगांनी धरला, असं सांगतात. हे ओगा स्वतः रीतसर शिकलेले गायक. त्यातून १२ सेंटिमीटरची तबकडी ठरली आणि १९८२ मध्ये बाजारात आली. कथा कितपत खरी हे त्यांचं ते जाणोत. मला एवढंच वाटलं, की हे माप ठरवणारी बैठक पुण्यात, सवाई गंधर्वच्या मांडवात झाली असती तर सीडी परातीएवढी झाली असती आणि तिच्यात मध्यंतराच्या चहा-वड्यालाही जागा ठेवावी लागली असती.

१४३ मधून २० काढणं म्हणजे निवडणुकीतलं तिकीटवाटप. ज्याला मिळत नाही तो बंड करतो, आणि ज्याला मिळतं त्याच्याबद्दल 'याला कुणी दिलं?' असं सगळे विचारतात. त्यात माझी एक चूक झाली. यादी मी जेवणाच्या टेबलावर विसरलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा चौघंजण तिच्याभोवती बसले होते आणि अण्णांच्या हातात लाल पेन होतं.

"यात वसंतराव नाहीत," अण्णा म्हणाले.

"आहेत की. 'कट्यार'मधलं पद आहे."

"ते तीन मिनिटांचं. मैफलीतलं घे. बावीस मिनिटांचं."

"अण्णा, बावीस मिनिटांत सहा गाणी बसतात."

"बसू देत. वसंतरावांच्या बावीस मिनिटांत इतर सहा जण बसले तर त्यांचंच कल्याण आहे."

मी बालगंधर्वांचा दाखला दिला. वन्समोअर घेत घेत ज्यांचं नाटक पहाटेपर्यंत चालायचं, तेही ७८ च्या तबकडीसाठी तीन-सव्वातीन मिनिटांत आटोपत होते. अण्णा म्हणाले, "म्हणूनच रेकॉर्डवरून त्यांना ओळखू नये." शेवटी तीन-तीन मिनिटांच्या दोन पदांवर समझोता झाला. पण वसंतरावांची मैफलीची विकतची सीडी अण्णा वेगळी बरोबर घेणार, अशी अट पडली.

आईला 'गीतरामायण' हवं होतं. अख्खं. मी सांगितलं, एकूण ५६ गाणी आहेत, एका सीडीत माडगूळकर-फडके मावणार नाहीत. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्याला एक असं वर्षभर चाललं होतं, आपल्याला तर फक्त गुहागरपर्यंत जायचंय. आई म्हणाली, "मग एकच घे. पण वनवासातलं नको. देवाला निघताना वनवास कशाला?" स्वयंवर घ्यावं तर त्यानंतर पुढे काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक. शेवटी जन्मावर एकमत झालं. जन्माच्या वेळी रामायणात अजून कुणाचं काही बिघडलेलं नाही.

बायकोने पाच भावगीतं सुचवली. पाचांतल्या चारांत कुणीतरी कुणालातरी सोडून गेलेलं होतं आणि पाचव्यात जाण्याच्या बेतात होतं. "अहो, सुट्टीत तरी मनसोक्त वाईट वाटून घेऊ द्या," ती म्हणाली. मुलीला रहमान हवा होता, 'कल हो ना हो' हवा होता आणि 'गारवा'ही हवा होता. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, एसी नसलेल्या गाडीत बसून पावसाची गाणी ऐकणं हा एक तर आशावाद असतो नाहीतर छळ. मी ते मान्य केलं, कारण तोवर मला कळलं होतं की 'माझ्या आवडीची सीडी' यातला 'माझ्या' हा शब्द आता फक्त कोऱ्या सीडीच्या पंधरा रुपयांपुरता उरला आहे.

उरलेल्या सात जागांवर मी माझी गाणी घातली. मदनमोहनच्या दोन गझला, मेहदी हसन, कुमार गंधर्वांचं एक निर्गुणी भजन, एक बेगम अख्तर, एक किशोरीताई आणि एक बेथोवनचा तुकडा, ओगांच्या स्मरणार्थ. यादी मोठी देखणी दिसत होती. मुलीने ती वाचली आणि विचारलं, "बाबा, तू हे कधी ऐकतोस?"

प्रश्न अगदी निरागस होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. बेगम अख्तर मला आवडतात, पण तव्यावर पोळी असताना किंवा दाढी करताना मी त्या गुणगुणत नाही. ती यादी म्हणजे दिवाणखान्यातलं काचेचं कपाट होतं. पाहुण्यांना 'ज्ञानकोश' दिसावेत आणि रहस्यकथा गादीखाली राहाव्यात, अशा बेताने लावलेलं. बेथोवन मी कापला. बाकी सहा लाजेखातर ठेवली.

मग क्रम. गाणी निवडणं सोपं, ती ओळीने बसवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना बसवणं. मी पहिल्या चारात एक सुरेख सिनेगीत घातलं होतं. अण्णांनी ते दोन ओळी गुणगुणून पाहिलं आणि पेन आपटलं. "अरे, ही भैरवी आहे! भैरवी झाली की मैफल संपते. चौथ्या गाण्यानंतर काय करायचं, गाडीतून उतरून घरी यायचं?" ते शेवटाकडे गेलं. मग यमनातली तीन भावगीतं निघाली. यमन संध्याकाळचा, आणि आम्ही निघणार पहाटे पाचला. "परतीच्या प्रवासात वाजवू," असं मी म्हणालो, तर अण्णांना तेही पटेना. परतताना आम्ही पुण्यात दुपारी पोचणार होतो. रागांच्या वेळा पाळायच्या तर खंबाटकी घाट कुठल्या प्रहरी ओलांडायचा याचंही कोष्टक करावं लागलं असतं.

अखेर भाच्याने बेरीज केली. एकोणीस गाणी, ७६ मिनिटं. "मामा, चार मिनिटं शिल्लक आहेत. एक गाणं बसेल. कुठलं?"

खोलीत आम्ही दोघेच होतो. मी दार लोटून घेतलं आणि गाण्याचं नाव सांगितलं. भाचा माझ्याकडे बघतच राहिला.

"मामा, तू?"

मी माझी बाजू मांडली. एकवीस वर्षं ती माझ्याकडे तयारच होती. दादा कोंडक्यांचे ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, त्याची नोंद गिनीज बुकात आहे. त्यांच्या गाण्यांना महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांचे आवाज आहेत. 'पांडू हवालदार' १९७५ चा, संगीत राम-लक्ष्मण या जोडीचं. त्यातले राम लवकर गेले, पण लक्ष्मण म्हणजे विजय पाटील यांनी तेच जोडनाव लावून पुढे 'मैंने प्यार किया' केला आणि १४ गाण्यांचा 'हम आपके हैं कौन'ही केला. म्हणजे पांडूला नाक मुरडणारी तमाम सुसंस्कृत घराणी १९९४ नंतर आपापल्या लग्नांत त्याच माणसाच्या चालींवर बुटांची पळवापळवी करत होती. मग मी एकट्याने का लाजावं?

"मग लाजू नकोस. कव्हरवर नाव लिहू?" भाच्याने विचारलं.

"नको. 'इतर' लिही."

विसावी जागाही मी विचार करून निवडली होती. तोवर गाडीत सगळे पेंगतील आणि मी एकटा ऐकेन. भाचा म्हणाला, "एक सांगू? रेकॉर्ड बाहेरून आत वाजते, सीडी आतून बाहेर. तुझं गाणं अगदी काठावर येईल. माणसं सीडी काठालाच धरतात, अंगठा लागतो, चरे पडतात. पहिलं मरतं ते शेवटचं गाणं." मी म्हटलं, मरू दे. त्याला माझ्या हातून मरायची सवय आहे.

सीडी भाजायचा कार्यक्रम तीन दिवस चालला. पहिली वाया गेली, कारण ती चालू असताना मुलीने त्याच कॉम्प्युटरवर गेम उघडला आणि माहितीचा पुरवठा अर्ध्यात तुटला. दुसऱ्या वेळी वीज गेली. बिघडलेली एक सीडी चहाच्या कपाखाली गेली आणि दुसरी बाल्कनीत कबुतरं हाकलायला टांगली. तिसऱ्या वेळी आम्ही सगळे कॉम्प्युटरपासून सोवळ्यात असल्यासारखे दूर बसलो. ट्रे बाहेर आला तेव्हा आईने सीडीला हळद-कुंकू लावू नये म्हणून तिला अक्षरशः धरून ठेवावं लागलं.

पहाटे साडेपाचला कात्रजचा बोगदा मागे पडला आणि रामजन्म झाला. सीडीने मात्र कुणालाही धड आनंद दिला नाही. नाट्यपद सुरू झालं की मुलगी खिडकीबाहेर बघायची, रहमान लागला की अण्णा. पन्नासच्या दशकातली गाणी हळू, नवी मोठ्याने, त्यामुळे दर गाण्याला कुणीतरी बटण फिरवायचं. विरहगीतात बायकोचे डोळे भरून आले. तेवढ्यात आईने तिला "गॅस बंद केलास ना गं?" असं विचारलं आणि पुढची दहा मिनिटं गाडीत खरंखुरं दुःख पसरलं. मेहदी हसन यांच्या वेळी सगळे आदराने गप्प बसले. मीही.

सातारा येईतो एकोणीस गाणी झाली. माझं विसावं सुरू होणार, तोच अण्णांनी बटण दाबलं. "पुरे. आता आमचे वसंतराव." आईने नुकताच कंदी पेढा त्यांच्या हातात ठेवला होता. त्याच तुपकट अंगठ्याने त्यांनी माझी सीडी काठाला धरून ओढून काढली आणि डॅशबोर्डवर ठेवली. मी काही बोललो नाही. गिटारच्या धुनेची आठवण मात्र झाली.

पाटणला चहा झाल्यावर मुलीने माझी सीडी परत आत सरकवली. कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला. आई आणि बायको डुलक्या घेत होत्या. एकोणिसावं गाणं म्हणजे ती भैरवी संपली. नंतर दोन सेकंदांची शांतता. मी दुसऱ्या गिअरमध्ये, समोर वळण, पुढ्यात ट्रक, दोन्ही हात गुंतलेले. आणि ठेका सुरू झाला.

मागच्या सीटवर दोघीही टक्क जाग्या झाल्या.

"अगंबाई, हे काय?" बायको म्हणाली.

मुलीने कव्हर उलटून पाहिलं. "वीस. इतर."

माझे कान तापले. दुकानदार, पेन्सिल, त्या दोन मुली, पिठाची गिरणी, सगळे कुंभार्ली घाटात येऊन उभे राहिले. पहिलं कडवं पार पडलं. दुसऱ्याच्या मध्यावर एका खड्ड्यात गाडी आदळली आणि गाणं एका अक्षरावर अडकलं. तेच अक्षर, पुन्हा तेच अक्षर, पुन्हा तेच. पेढ्याचं तूप आपलं काम करत होतं. मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात डावीकडून घोगऱ्या आवाजात पुढची ओळ आली.

अण्णा खिडकीबाहेर दरीकडे बघत होते. गात नव्हते, पुटपुटत होते. पण चालीत. गुडघ्यावर बोटांनी ठेकाही धरला होता आणि तो बरोबर समेवर पडत होता. मी भीत भीत आवाज मिसळला.

"शब्द चुकतोयस," अण्णा म्हणाले. "ती ओळ तिसऱ्या कडव्यात आहे."

"अण्णा, तुम्ही 'पांडू हवालदार' पाहिलाय?"

"छे. कुठेतरी कानावर पडलं असेल."

"कानावर?" मागून आई म्हणाली. "तीन कडवी? त्या वर्षी ऑडिट आहे म्हणून एकदा रात्री साडेबाराला आला होतात, ते हेच ऑडिट का?"

अण्णा काही बोलले नाहीत. घाट उतरेपर्यंत गाडीत सीडी बंद होती आणि गाणं चालू होतं. विशेष म्हणजे, ऑडिटचा हिशेब मागणाऱ्या आईलाही सगळे शब्द येत होते. ते कुठून, हे कुणीच विचारलं नाही.

पुण्याला परतल्यावर अण्णांनी आपण होऊन भाच्याला फोन केला. आणखी एक सीडी करायची ठरली. या वेळी यादीला पंधरा मिनिटं लागली. एकजण नाव घ्यायचा आणि बाकीचे "अरे हो!" म्हणायचे. वाद झाला नाही, क्रमावर चर्चा नाही, रागाची वेळ कुणी काढली नाही. बायकोने विरहगीत सुचवलं नाही. आईने सुचवलेल्या दोन गाण्यांचे तपशील मी इथे देत नाही. ७८ मिनिटं सहज भरली, आणि या खेपेला सीडी पहिल्या झटक्यात भाजून निघाली.

"आजोबा, वर मार्करने काय लिहू?" भाच्याने विचारलं.

अण्णांनी क्षणभर विचार केला. घरात पाहुणेरावळे येतात, सीडी उघड्यावर पडलेली असते.

"लिही," ते म्हणाले, "निवडक नाट्यगीते."